परदेशी डबी, घरची चव

घरातील एखाद्या वडीलधाऱ्या व्यक्तीने अचानक एखाद्या पदार्थाची आठवण काढावी आणि तो पदार्थ नेमका आपल्या गावात मिळू नये, असा प्रसंग आपल्यापैकी अनेकांवर आला असेल. अशा वेळी घरात दोन प्रकारचे सूर उमटतात. कोणी म्हणते, "या वयात कसले आले आहेत हे चोचले?" तर कोणी वाटेल ते करून तो पदार्थ मिळवण्याच्या मागे लागते. दोन्ही प्रतिक्रिया स्वाभाविक आहेत. परंतु दोन्हींमध्ये एक प्रश्न विचारायचा राहून जातो. त्या मागणीतून ते माणूस आपल्याला नेमके काय सांगत आहे?

हा प्रश्न माझ्यापुढे उभा राहिला तो एका मोहरीच्या डबीमुळे.

माझ्या सासूबाईंचे वय ७९ वर्षे. तीन वर्षांपूर्वी त्या धाकट्या मुलाकडे जर्मनीतील ड्रेस्डेन शहरी अडीच महिने राहून आल्या. तेथे रोज सकाळी ताज्या पावावर लावून त्या एक पदार्थ आवडीने खात : 'नुडोसी' नावाचे, हेझलनट आणि कोको यांचे दाट, तपकिरी मिश्रण. येताना त्यांनी दोन डब्या आणल्या. त्या संपल्या, आणि आपल्याकडच्या रीतीप्रमाणे रिकाम्या डबीत मोहरी जाऊन बसली. विषय तेथेच संपल्यासारखा होता.

गेल्या वर्षी पावसाळ्यात त्यांना तापाचे मोठे दुखणे झाले. ताप गेला, पण जेवण परतले नाही. अर्धी पोळी, दोन घास भात, की ताट बाजूला. दिवाळीपूर्वी वजन केले तेव्हा ५२ किलोचे ४८ झाले होते. एके दिवशी फोडणी करताना माझ्या हातातील डबीकडे पाहून त्या म्हणाल्या, "अगं, ते ड्रेस्डेनचं चॉकलेटचं लोणी मिळालं, तर पोळी जाईल गं माझी."

त्यांना १४ वर्षांपासून मधुमेह आहे. म्हणजे एकीकडे घटणारे वजन आणि दुसरीकडे साखरेने भरलेली डबी. 'नाही' म्हणावे तर जेवण आणखी कमी होण्याची भीती, 'हो' म्हणावे तर रक्तातील साखरेची चिंता. काळजी घेणाऱ्या प्रत्येकाला हा पेच कोणत्या ना कोणत्या रूपात परिचित असेल. म्हणून त्यातून काढलेली वाट येथे सविस्तर सांगत आहे.

आधी डॉक्टर, मग डबी

सर्वप्रथम एक गोष्ट लक्षात ठेवावी. प्रयत्न न करता सहा महिने ते वर्षभरात वजन ५ टक्क्यांहून अधिक घटले, तर 'वय झाले' असे म्हणून ते सोडून देऊ नये. ५० किलो वजनाच्या व्यक्तीच्या बाबतीत ही घट केवळ अडीच किलोंची असते. सासूबाईंचे वजन चार किलोंनी कमी झाले होते आणि ते आमच्या लक्षात आले नव्हते. कारण रोज पाहणाऱ्या डोळ्यांना हळूहळू होणारा बदल दिसत नाही. बांगड्या सैल होणे, चोळी ढगळ होणे, दातांची कवळी हलू लागणे या खुणांकडे लक्ष असावे. महिन्यातून एकदा, एकाच काट्यावर वजन करून ते वहीत लिहून ठेवावे.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, तोंड पाहिले, औषधांची यादी पाहिली. कवळी सैल झाल्यामुळे हिरडीला जखम झाली होती. तसेच मधुमेहाच्या एका गोळीमुळे काहींच्या तोंडाला धातूसारखी चव येते, असे त्यांनी समजावून सांगितले आणि औषधात आवश्यक तो बदल केला. (अशी शंका आली तरी गोळी आपल्या मनाने बंद करू नये.) वाढत्या वयात गंधाची जाणीव मंदावते आणि आपण ज्याला चव म्हणतो त्यातील मोठा भाग गंधाचाच असतो. म्हणून 'कशालाच चव नाही' ही वृद्धांची तक्रार बहुधा खरी असते. तो स्वयंपाकाला ठेवलेला दोष नसतो.

अशा अवस्थेत एखाद्या पदार्थाची स्पष्ट आठवण होणे हे चांगले लक्षण मानावे. ज्याचा गंध मनात अजून ताजा आहे, त्या वाटेने भूक परत येऊ शकते. डॉक्टरांनीही मोजून, जेवणासोबत, थोडेसे द्यायला हरकत घेतली नाही. मग डबीचा शोध सुरू झाला.

शोध घेताना

नुडोसी हे ड्रेस्डेनजवळच्या राडेबॉइल गावचे उत्पादन. पूर्व जर्मनी हे वेगळे राष्ट्र होते, त्या काळापासून ते तेथे प्रसिद्ध आहे. त्या राजवटीत अनेक जिनसांचा तुटवडा असे. दुर्मीळ माल दुकानदार फळ्यांवर मांडत नसे. ओळखीचे गिऱ्हाईक आले की खाली वाकून गल्ल्याखालून काढून देई. अशा मालाला तेथील लोकांनी नावच दिले होते 'ब्युकवारे', म्हणजे वाकून काढायचा माल. रॉकेल-साखरेच्या रांगा पाहिलेल्या आपल्या पिढीला याचे स्पष्टीकरण द्यायला नको.

पुण्यातील परदेशी खाद्यपदार्थांच्या दुकानांत मी विचारणा केली. नुडोसी कोठेही मिळाली नाही. एका दुकानात 'अगदी तसेच' म्हणून दुसरीच एक बाटली भरपूर किमतीला मिळाली. घरी येऊन पाहिले तर तिची मुदत संपायला तीन आठवडे उरले होते, आणि आयातदाराचे नावही तिच्यावर नव्हते. चूक माझीच; घाईत मी लेबल वाचले नव्हते. आपण ती करू नये, म्हणून काही सूचना.

आयात केलेल्या पाकिटावर वा बाटलीवर भारतातील आयातदाराचे नाव-पत्ता आणि अन्नसुरक्षा परवान्याचा क्रमांक असलाच पाहिजे. तो नसेल तर तो माल रीतसर मार्गाने आलेला नाही, असे समजावे. युरोपातील वेष्टनांवर तारीख दिवस, महिना, वर्ष या क्रमाने असते, तर अमेरिकेत महिना आधी येतो. त्यामुळे मुदत वाचताना गफलत होऊ शकते. मुले परदेशातून आणणार असतील तर अशा डब्या सोबतच्या हातपिशवीत ठेवू नयेत, असे त्यांना आवर्जून सांगावे. विमानतळावरील नियमांत असे मऊ मिश्रण द्रवपदार्थांतच मोजले जाते आणि १०० मिलिलिटरहून मोठी डबी अनेक विमानतळांवर तपासणीच्या जागी काढून घेतात. ती मोठ्या सामानात, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून, कपड्यांच्या मधोमध ठेवावी.

आणखी एक गोष्ट. एखादी वस्तू दुर्मीळ आहे म्हणून ती अधिक चांगली असते असे नाही. २०२४ साली फ्रान्समध्ये 'एल मोर्जेन' या अल्जीरियातील हेझलनटच्या मिश्रणाला अशीच अफाट मागणी आली. त्यात दुधाचा अंश असतो, आणि दुग्धजन्य पदार्थ युरोपीय संघात पाठवण्याची परवानगी असलेल्या देशांच्या यादीत अल्जीरिया नव्हता. म्हणून त्याची आयात थांबवण्यात आली. लोकांची ओढ कमी होण्याऐवजी वाढली आणि भाव चढले. पदार्थ मात्र होता तोच होता. दुर्मीळतेचा हा मोह ओळखता आला, की आपला निम्मा त्रास आणि बराचसा खर्च वाचतो.

धाकटे भावोजी मे महिन्यात येणार होते आणि आम्ही नोव्हेंबरात होतो. तेव्हा पर्याय शोधणे भाग होते.

मुळात हा पदार्थच एक पर्याय

पर्याय म्हणजे काहीतरी कमअस्सल, अशी आपली समजूत असते. परंतु या पदार्थाचा इतिहास पाहिला तर मौज वाटते; कारण तो स्वतःच तुटवड्यातून जन्मलेला पर्याय आहे.

उत्तर इटलीतील पिडमाँट प्रांत आणि त्याची राजधानी तुरिन हे चॉकलेटचे जुने केंद्र. १८०६ साली नेपोलियनने ब्रिटिश व्यापाराची नाकेबंदी केली आणि युरोपात कोको दुर्मीळ झाला. तेव्हा तेथील कारागिरांनी आसपासच्या टेकड्यांवर मुबलक पिकणारे हेझलनट भाजून, वाटून चॉकलेटमध्ये मिसळायला सुरुवात केली, असे परंपरेने सांगितले जाते. या मिश्रणाला पुढे तेथील लोकनाट्यातील एका पात्रावरून 'जांदुया' हे नाव पडले.

दुसऱ्या महायुद्धानंतर पुन्हा तीच परिस्थिती आली. कोको महाग आणि मिळेनासा. १९४६ साली त्याच प्रांतातील आल्बा गावच्या पिएत्रो फेरेरो या मिठाईवाल्याने हेझलनट, साखर आणि थोडासा कोको यांची सुरीने कापून पावावर ठेवता येईल अशी वडी तयार केली. १९५१ मध्ये ती मऊ, पसरवता येण्याजोगी झाली, आणि १९६४ मध्ये त्यांचे पुत्र मिकेले यांनी ती 'न्युटेला' या नावाने बाजारात आणली. आज जगभर मिळणारी ती बाटली हीच.

याचा अर्थ असा की कोको परवडत नव्हता तेव्हा लोकांनी आपल्या दारचे फळ भाजले. मग हेझलनट मिळत नसेल, तेव्हा आपण आपल्या दारचे दाणे भाजले, तर त्यात कमीपणा कोणता? हा विचार मनात आला आणि माझे ओझे पुष्कळ हलके झाले.

लेबल काय सांगते

पर्याय शोधण्यापूर्वी मूळ पदार्थात काय आहे हे जाणून घ्यावे. वेष्टनावरील घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते. जो घटक सर्वांत अधिक, तो प्रथम. न्युटेलाच्या यादीत पहिली साखर, दुसरे पाम तेल आणि तिसरे हेझलनट, तेही १३ टक्के. मी मोहरी दुसरीकडे ओतून सासूबाईंची डबी धुतली आणि तिच्यावरील जर्मन अक्षरे वाचली. नुडोसीत हेझलनटचे प्रमाण ३६ टक्के होते. सासूबाईंना आठवणारी चव कशाची होती, ते तेथे उलगडले. त्यांना चॉकलेटपेक्षा भाजलेल्या बियांचा खमंगपणा हवा होता.

तेव्हा बाजारातून पर्याय घेताना नावाला भुलू नये. केवळ 'चॉकलेट स्प्रेड' असे लिहिलेल्या बाटलीत बिया मुळीच नसू शकतात, आणि 'हेझलनट फ्लेवर' म्हणजे बहुधा केवळ वास. यादीत बियांचे स्थान कितवे आहे आणि प्रमाण किती टक्के लिहिले आहे, हे पाहावे.

आता साखरेचा हिशेब. न्युटेलाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ५६ ग्रॅम साखर, ३१ ग्रॅम स्निग्धांश आणि ५३९ कॅलरी असतात. १५ ग्रॅम, म्हणजे एक सपाट मोठा चमचा घेतला तर सुमारे ८० कॅलरी आणि ८ ग्रॅम साखर. म्हणजे चहाचे दोन चमचे साखर. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते, वरून घातलेल्या साखरेतून, तसेच मध, सरबते व फळांच्या रसांतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांहून कमी असावी, आणि ती ५ टक्क्यांपर्यंत आणता आल्यास अधिक चांगले. दिवसाला १५०० कॅलरींचा आहार असलेल्या वृद्ध व्यक्तीसाठी १० टक्क्यांची मर्यादा सुमारे ३७ ग्रॅम होते. चहा, बिस्किटे, गुळाचा खडा हे सारे त्यातच बसवायचे आहे. दोन चमचे मिश्रण खाल्ले तर जवळजवळ अर्धी मर्यादा तेथेच संपते.

घरी करण्याची रीत

साहित्य : सोललेले हेझलनट १०० ग्रॅम, साखर नसलेली कोको पावडर २ मोठे चमचे (सुमारे १२ ग्रॅम), पिठीसाखर ३० ग्रॅम, दूध पावडर १५ ग्रॅम, वास नसलेले खाद्यतेल २ चहाचे चमचे, चिमूटभर मीठ, व्हॅनिला इसेन्सचे दोन-तीन थेंब.

हेझलनट आता सुक्या मेव्याच्या मोठ्या दुकानांत मिळतात. जगातील सर्वांत मोठे पीक तुर्कस्तानच्या काळ्या समुद्रालगतच्या पट्ट्यात होते. घेताना एक दाणा चावून पाहावा. कडवट, खवट लागला तर घेऊ नये. जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर, सतत हलवत, सुमारे १५ मिनिटे भाजावे. एक दाणा मोडून पाहावा. आतला गर हलका तांबूस झाला की लगेच उतरवावे. भाजण्यातूनच या बीचा खरा गंध उमलतो, म्हणून येथे घाई नको आणि विसरही नको. गरम असतानाच जाड फडक्यात गुंडाळून चोळावे म्हणजे कडसर साल निघून जाते. थोडी राहिली तरी चालेल.

पूर्ण गार झाल्यावर मिक्सरमध्ये वाटावे. आधी कूट होईल, मग गोळा होईल, आणि धीर धरल्यास आतले तेल सुटून लोण्यासारखे दाट मिश्रण तयार होईल. भांड्याच्या कडा वारंवार खरवडाव्यात आणि मिक्सर मधूनमधून थांबवावा, नाहीतर तो तापतो. आता चाळलेला कोको, पिठीसाखर, दूध पावडर, मीठ व तेल घालून पुन्हा फिरवावे, शेवटी व्हॅनिला. पाणी किंवा दूध मुळीच घालू नये. ओलाव्याने मिश्रण घट्ट गोळा होते आणि लवकर खराबही होते. कोरड्या बरणीत भरून फ्रिजमध्ये ठेवावे, कोरडाच चमचा वापरावा आणि दोन आठवड्यांत संपवावे. खाण्यापूर्वी अर्धा तास बाहेर काढून ठेवले की मऊ होते.

या मिश्रणात दुधातील व बियांतील नैसर्गिक साखर धरूनही १०० ग्रॅमला साखर साधारण २५ ग्रॅम येते. बाजारातील मिश्रणाच्या निम्म्याहून कमी. परंतु येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. घरी केले म्हणून कॅलरी कमी होत नाहीत. बियांत तेल भरपूर असते. त्यामुळे एका मोठ्या चमच्याला येथेही सुमारे ८० कॅलरीच मिळतात. वजन घटलेल्या वृद्धांसाठी हा गुण आहे, कारण थोड्या घासात अधिक ऊर्जा, प्रथिने आणि 'ई' जीवनसत्त्व मिळते. वजन वाढलेल्यांसाठी मात्र ते पथ्य ठरत नाही.

हेझलनटही न मिळाल्यास

लहान गावांत हेझलनट मिळणार नाहीत, मिळाले तर महाग पडतील. तेव्हा ६० ग्रॅम शेंगदाणे आणि ४० ग्रॅम बदाम घ्यावेत. दोन्ही वेगवेगळे भाजावेत, कारण दोघांना लागणारा वेळ वेगळा. साले काढून वरील रीतीनेच वाटावे. शेंगदाण्याची स्वतःची चव ठसठशीत असते, ती बदामाने सौम्य होते. शेंगदाणे निवडताना काळपट, सुरकुतलेले, बुरशी लागलेले दाणे कटाक्षाने काढून टाकावेत. बुरशीतून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष भाजल्याने पुरते नष्ट होत नाही.

कोकणात आणि गोव्यात काजू सहज मिळतात. काजूने मिश्रण मऊ, साईसारखे होते, पण खमंगपणा कमी पडतो. मूठभर भाजलेली चारोळी घातल्यास तो भरून निघतो. अक्रोडाच्या सालीचा कडवटपणा वृद्धांना सहसा रुचत नाही, म्हणून ते बेताने घालावेत. हिमाचल प्रदेशाकडे कोणी जाणार असेल तर चंबा जिल्ह्यातील पांगी खोऱ्याची 'थांगी' आणायला सांगावे. ती हेझलनटचीच हिमालयातील बहीण आहे.

कोणाला, कसे द्यावे

हा भाग कृपया घाईने वाचू नये.

पक्षाघात, कंपवात किंवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींना गिळण्याचा त्रास असू शकतो. बियांचे दाट, चिकट मिश्रण चमच्याने तोंडात घातले तर ते टाळूला किंवा घशात चिकटून गुदमरण्याचा धोका असतो. जेवताना वारंवार ठसका लागणे, आवाज ओलसर, घोगरा होणे, घास गालात साठून राहणे ही लक्षणे दिसली तर असा पदार्थ देऊ नये. आधी डॉक्टर किंवा गिळण्याचे उपचार करणारे तज्ज्ञ यांना विचारावे. दुधात पातळ करून देणे सर्वांनाच सुरक्षित असते असेही नाही. काहींना पातळ पदार्थानेच ठसका लागतो. गिळणे व्यवस्थित असलेल्यांनाही ताठ बसवून, मऊ पोळीवर पातळ थर लावून, लहान घास द्यावेत आणि सोबत पाणी ठेवावे. बियांचे तुकडे राहू देऊ नयेत. ते कवळीखाली अडकतात.

मधुमेह असल्यास चमचा मोजून, जेवणासोबतच द्यावा; मधल्या वेळी बरणीतून चाटायला नको. पहिले काही दिवस ग्लुकोमीटरवर साखर तपासून वहीत लिहावी. आणि हे पक्के ध्यानात ठेवावे की रक्तातील साखर अचानक कमी होऊन घाम, थरथर, गोंधळलेपणा आला तर हे मिश्रण किंवा चॉकलेट देऊ नये. त्यातील तेलामुळे साखर रक्तात उशिरा पोहोचते. अशा वेळी, व्यक्ती शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर १५ ग्रॅम ग्लुकोज किंवा साखर पाण्यात विरघळवून द्यावी आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासावे. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही न घालता तत्काळ वैद्यकीय मदत मिळवावी.

मूत्रपिंडाचा विकार असल्यास बिया व कोको यांतील पोटॅशियम आणि फॉस्फरस त्रासदायक ठरू शकतात. आहारतज्ज्ञांना विचारल्याविना देऊ नये. कोणत्याही बियांची ॲलर्जी असेल तर हा पदार्थ वर्ज्यच. जी बी पूर्वी कधी खाल्लेली नाही, ती प्रथम अगदी थोडी द्यावी.

शेवटी चव कोणाची

आमचा पहिला प्रयत्न फसला. कोको जास्त झाला होता. सासूबाईंनी एक घास घेतला आणि म्हणाल्या, "हे ते नव्हे." दुसऱ्या वेळी दाणे कमी भाजले गेले. तिसऱ्या वेळी मी त्यांनाच कढईजवळ खुर्चीवर बसवले आणि म्हटले, "आई, वास आला की तुम्हीच सांगा." त्यांनी आयुष्यभर दाण्याचे कूट आणि भाजणी भाजली होती, आच कधी काढायची ते त्यांच्या नाकाला ठाऊक होते. त्यांनी "आता उतरव" म्हटले, मी उतरवले. त्या दिवशीची पोळी पूर्ण संपली. त्यांचा अभिप्राय एवढाच होता, "त्याच्यापेक्षा जरा कडसर आहे. पण उद्या परत लाव."

जानेवारीअखेर त्यांचे वजन ५० किलो झाले. हे श्रेय एका बरणीचे नाही. दुरुस्त झालेली कवळी, बदललेले औषध, दुपारी दिलेले अंडे, वरणावर घातलेले तूप आणि जेवताना शेजारी बसणारे कोणीतरी, या सर्वांचे ते आहे. बरणीने इतकेच केले की ताटाकडे पाठ फिरवलेल्या माणसाला पुन्हा ताटासमोर बसवले. कढईजवळची खुर्ची मात्र कायम राहिली. आपल्या घरातही वडीलधाऱ्यांना केवळ खाऊ घालू नये. शक्य असेल तेथे त्यांचे नाक, त्यांचा हात, त्यांचा अंदाज स्वयंपाकात घ्यावा.

मे महिन्यात भावोजी नुडोसीच्या तीन डब्या घेऊन आले. सासूबाईंनी एक उघडली, चमच्याचे टोक बुडवून चाखले, आणि थोडा वेळ विचार करून म्हणाल्या, "इतकं गोड होतं हे? मला आठवत नव्हतं."

त्या डब्या आल्यागेल्यासाठी, नातवंडांसाठी ठेवल्या आहेत. पहिली संपली, तेव्हा त्यांनी ती स्वतः धुऊन, पुसून, उन्हात वाळवून माझ्या हाती दिली. आता घरचे मिश्रण तीत भरले जाते.